इग्नाझची काळी आणि अकरा पोती काजळी

आमच्या डोर्नरॉइट गावातली सगळी घरं आतून बघितलेली माणसं दोनच. एक आमचा पाद्री आणि दुसरा मी. त्यातही पाद्री दारातून येतो, पाय पुसतो, कॉफी पितो आणि जातो. मी छपरावरून उतरतो! कोणाच्या माळ्यावर काय दडवलंय, कोण चुलीत न जाळायच्या वस्तू जाळतो, कोणाचं नवऱ्याशी बोलणं बंद आहे म्हणून दोन खोल्यांत दोन शेगड्या पेटतात, सगळं मला ठाऊक. तीस वर्षं मी या खोऱ्यातली धुराडी झाडतोय. नाव ओटमार, पण गाव मला काजळ्या म्हणतं. सकाळी रस्त्यात दिसलो की लोक मुद्दाम येऊन माझ्या कोटाला बोट लावतात. धुराडीवाल्याला शिवलं की दिवस चांगला जातो म्हणे! त्यांचा जात असेल. माझा तो रविवार कसा गेला ते ऐका.

त्या रविवारी मी गावातल्या तीन म्हाताऱ्यांना कायमचं गप्प बसवणार होतो. योजना इतकी चोख होती की शनिवारी झोपेत मी दोनदा हसलो, असं माझी बायको हेडविग सांगते.

म्हातारे कोण, तर लिंडन खानावळीत खिडकीशेजारच्या टेबलावर बसणारे. तिथं दुसरं कोणी बसत नाही. एकदा एक शहरी पाहुणा चुकून बसला, तर हे तिघं त्याच्याभोवती उभे राहून काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिले. बिचारा अर्धं सॉसेज टाकून पळाला! पहिले मास्तर गांगोल्फ, निवृत्त शाळामास्तर, पूर्वी गावच्या अग्निशामक दलाचे प्रमुख आणि आता ग्रामसभेचे मुख्य. दुसरे कोर्बिनियान, पाववाले. लग्न असो, बारसं असो की हवामानाचा अंदाज असो, रडायला सदैव तयार. तिसरे वेन्डेलिन, खाटीक. दिवसाला चार शब्द बोलणार, त्यातले दोन खानावळवाल्या रोझविटाला, "आणखी एक." तेही बऱ्याचदा वाचवतात, कारण आमच्याकडे बिअरचा रिकामा मग टेबलावर आडवा केला की खानावळवाली न विचारता भरून आणते. रोझविटाचा हात तर आडवा मग दिसला की झोपेतसुद्धा उठेल.

हे तिघं म्हणजेच ग्रामसभा. बाकीचे सभासद फक्त माना हलवायला.

आणि या तिघांचा एकच धंदा. "इग्नाझच्या वेळची मजा गेली!"

आता इग्नाझबद्दल माझंही काही वेगळं मत नाही. त्याची बिअरची भट्टी नदीच्या वळणावर. वर माळ्यावर तांब्याची अवाढव्य परात, खाटेएवढी लांब-रुंद आणि वीतभर खोल. त्यात उकळलेला रस रात्रभर निवायला ठेवायचा. खाली लाकडाचा जाळ. आणि बिअर काळी, अशी काळी की मगात डोकावलं तर विहिरीत डोकावल्यासारखं वाटायचं. तसं आम्ही डोकावत नाही म्हणा. राखाडी दगडी मगातून पितो, रंग दिसायचा प्रश्नच नाही. काचेतून औषध पितात! लहानपणी बाबा मला किटली देऊन इग्नाझकडे पाठवायचे. परत येताना चर्चच्या कोपऱ्यापर्यंत मी फेस चाटून संपवलेला असायचा आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "इग्नाझ हल्ली फेस कमी देतो." ती चव अजून माझ्या जिभेच्या मागच्या बाजूला कुठंतरी बसलीय. भाजलेल्या पावाची, मनुकांची, आणि शेवटी आणखी काहीतरी. थंडीत बाहेरून घरात आल्यावर येतं ना, तसं काहीतरी.

बावीस वर्षांपूर्वी इग्नाझचे गुडघे गेले, भट्टी बंद झाली, मग इग्नाझही गेला. भट्टीची इमारत गावाकडे आली. आणि गेल्या वर्षी त्याची नात परत आली. वाल्बुर्गा! दहा वर्षं कॅनडात बिअर बनवत होती. तिथली चांगली नोकरी सोडून, आजोबांची वही काखेत मारून पोरगी गावात हजर. "ओटमारकाका, मला आजोबांची काळी परत बनवायचीय."

मला इतका आनंद झाला की भट्टीचं धुराडं मी स्वतः, फुकट, आरशासारखं करून दिलं. अकरा पोती काजळी निघाली!

"एवढी?" वाल्बुर्गा म्हणाली.

"बावीस वर्षं बंद होतं ना," मी म्हणालो.

"पण काका, बंद धुराड्यात काजळी जमेल कशी?"

मी तिला आकाशात उडणारा करकोचा दाखवला.

तर, वाल्बुर्गानं वहीतल्यासारखीच बिअर बनवली. तेच सातू, तीच विहीर, तीच परात. पहिला मग तिनं या तिघांसमोर ठेवला. तिघांनी घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं.

"चांगली आहे हो," मास्तर म्हणाले. "पण..."

त्या 'पण'वर चार माणसांच्या टोप्या टांगता आल्या असत्या! दुसऱ्या खेपेलाही "पण". तिसऱ्या खेपेला तर "पण" आधी आणि घोट नंतर.

"मास्तर, 'पण' काय? नक्की काय कमी आहे ते तरी सांगा," तिनं हात जोडले.

"ते सांगता येत नसतं पोरी. इग्नाझची असती तर कळलं असतं."

हसण्यासारखं होतं, पण हसू येईना. कारण भट्टी कोणाला द्यायची ते ग्रामसभा सोमवारी ठरवणार होती. बाम्बेर्ग शहरातला एक माणूस तिथं व्यायामशाळा काढायला टपला होता. लोक तिथं जागच्या जागी सायकल चालवणार म्हणे! आणि मास्तरांनी जाहीर करून टाकलेलं, "भट्टीवर इग्नाझचं नाव राहणार असेल, तर बिअर इग्नाझचीच लागेल. नाहीतर सायकली बऱ्या."

"नाही म्हणाले तर मंगळवारी मी परत," वाल्बुर्गा मला म्हणाली. तिची बॅग अर्धी भरलेली मी पाहिली. म्हणजे पाहिली कशी, तर तिच्या खोलीचं धुराडं बघायला गेलो होतो.

मला खात्री होती की या म्हाताऱ्यांना जीभच नाही. त्यांना बिअरची चव लागतच नाही, स्वतःच्या तरुणपणाची लागते! आणि हे मी सगळ्या गावासमोर सिद्ध करणार होतो.

योजना अशी. रविवारी, चर्च सुटल्यावर, लिंडनमध्ये काळ्या बिअरची परीक्षा. चार बिअर, तीन आकडे घातलेल्या सुरयांत आणि चौथी थेट बाटलीतून. कोणती कोणती ते फक्त मला ठाऊक. मी म्हाताऱ्यांना सांगणार की पहिल्या तिनांत एक वाल्बुर्गाची आहे, आणि चौथी... चौथी खुद्द इग्नाझची! शेवटच्या घाण्यातल्या बारा बाटल्या मला भट्टीच्या माळ्यावर सापडल्या! प्रत्यक्षात पहिल्या तिन्ही परक्या. एक मठातली, एक डोंगरापलीकडची, एक नदीकाठची. आणि चौथी वाल्बुर्गाची. म्हातारे चौथीवर डोळे ओले करणार, "हीच ती!" म्हणणार, आणि मी खुर्चीवर चढून म्हणणार, "तीन आठवड्यांपूर्वीची आहे!" मग सोमवारी कोणाच्या तोंडून 'पण' निघेल? सांगा ना!

बाटल्या खरंच माळ्यावरच्या आणल्या. परातीच्या कडेला रिकाम्यांचा एक क्रेट बावीस वर्षं पडून होता, तारेच्या खटक्याच्या, चिनी मातीच्या झाकणाच्या जुन्या बाटल्या. थंड पाण्यानं खळबळल्या आणि वाल्बुर्गानं परीक्षेसाठी दिलेली बिअर त्यांत भरली. साबण? आमच्याकडे बिअरच्या भांड्याला साबण लावणाऱ्याशी सोयरीक करत नाहीत, फेस मरतो! मग बाहेरून माझ्या डब्यातली काजळी चोळली. बावीस वर्षांचं वय बावीस मिनिटांत!

शुक्रवारी मी कोर्बिनियानना एकटं गाठलं.

"काका, कुणाला सांगू नका. इग्नाझच्या बाटल्या सापडल्यात."

त्यांचे डोळे भरून आले. "नाही सांगत रे! कुणाला म्हणजे कुणाला नाही!"

मी सायकलवरून घरी पोचलो तेव्हा हेडविग दारात उभी. "इग्नाझच्या बाटल्या सापडल्या म्हणे?"

रविवारी पाद्रीनं प्रवचन सात मिनिटांत आटोपलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा नरकाचा विषय निघाला नाही. लिंडनच्या अंगणात मला वाटलं होतं वीस-पंचवीस माणसं असतील. शंभर होती! अग्निशामक दल गणवेशात. बँड, मोठ्या ढोलासकट. शेजारच्या गावातलं एक जोडपं म्हणालं की त्यांचं लग्न इग्नाझच्या बिअरवर ठरलं होतं, त्यांना एक थेंब तरी मिळावा. एक आजी इग्नाझचा फोटो घेऊन आलेल्या, त्याला हार घातलेला. 

आणि मग वाल्बुर्गा आली. एका हातात वही, दुसऱ्या हातात काचेची स्वच्छ बरणी.

"काका," तिनं बरणी पुढं केली. "मला बिअर नको. फक्त बाटलीच्या तळाचा गाळ द्या. आजोबांचं यीस्ट त्यात जिवंत असलं तर! एक कण जरी असला तरी मी वाढवीन. मला कळेल तरी माझं काय चुकतंय."

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण नेमका बँड सुरू झाला. ढोलापुढे कबुली कशी द्यायची? मी मान हलवली. तिनं माझ्या काळ्या कोटाला मिठी मारली, शुभ म्हणून नव्हे, मनापासून. 

परीक्षा सुरू झाली. तिघं म्हातारे खिडकीशी, समोर दगडी मग, मधे राय धान्याचा पाव आणि मुळा. रोझविटाच्या हातात सुरया.

पहिली ओतली. मास्तरांनी घोट तोंडात फिरवला, छताकडे पाहिलं. "मठातली. पोटात गेल्यावर माणसाला आपली पापं आठवतात."

"पावाची कड करपल्यासारखी," कोर्बिनियान म्हणाले. "माझ्या भट्टीतली नव्हे. माझ्या भावाच्या."

"गोड," वेन्डेलिन म्हणाले. दिवसाचा एक शब्द खर्च.

दुसरी.

"ही बघा! ही वाल्बुर्गाची!" मास्तर ओरडले. "सगळं जागच्या जागी आहे आणि आत कोणी राहत नाही. नव्या घरासारखी!"

ती होती डोंगरापलीकडची. पण वाल्बुर्गाला कुठं माहीत? तिचा चेहरा पांढरा पडला. मी तिला डोळा मारला. तिला वाटलं माझ्या डोळ्यात काजळी गेली, तिनं मला रुमाल दिला.

तिसरी. "पावसात भिजलेला घोडा," मास्तर म्हणाले. "मला आवडतो घोडा," कोर्बिनियान म्हणाले. वेन्डेलिननी काही न बोलता मग संपवला आणि सवयीनं टेबलावर आडवा केला. रोझविटानं सवयीनं उचलला आणि हाताशी आलेल्या सुरईतून भरला. सुरई पहिल्या नंबरची!

वेन्डेलिननी घोट घेतला. "ही छान."

"ही पहिलीच आहे!" रोझविटानं जीभ चावली.

"मघाशी तुम्ही गोड म्हणालात हो!" मी टाळी वाजवली.

"मघाशी होती," वेन्डेलिन म्हणाले.

लोक खो खो हसले. माझ्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. जीभच नाही म्हटलं ना मी! आता शेवटचा फटका.

मी काळवंडलेली बाटली वर धरली.  बँडवाल्यानं ढोलावरचे हात काढून घेतले. टप्प! तारेचा खटका उडाला. तीन मगांत ओतली. मास्तरांनी मग उचलला, नाकाशी नेला आणि थांबले. प्यायलेच नाहीत. नुसतेच थांबले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

कोर्बिनियाननी घोट घेतला. ते रडणार हे धरूनच होतो मी. पण ते नेहमीसारखं नव्हतं. आवाज न करता रडत होते. "पहाटे पावाची भट्टी लावायच्या आधी," ते म्हणाले, "मी खिडकी उघडायचो. नदीवरून हा वास यायचा. मग मला कळायचं की आपण गावात एकटे जागे नाही."

आणि वेन्डेलिन! वेन्डेलिन बोलले. "माझ्या लग्नात हीच होती. आन्नाला कडू लागायची. तरी ती माझ्या मगातूनच प्यायची. स्वतःचा घ्यायची नाही. दर वेळी म्हणायची, एकच घोट. माझा मग नेहमी अर्धाच असायचा." एवढे शब्द त्यांनी चाळीस वर्षांत सलग बोलले नव्हते. मग ते मगात बघत बसले. "आता पूर्ण असतो," म्हणाले.



"इग्नाझ," मास्तर हळूच म्हणाले. "ही इग्नाझ आहे."

आता खरं म्हणजे त्या क्षणी शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. पण मी खुर्चीवर चढलो!

"मंडळी! ही इग्नाझची नाही! ही वाल्बुर्गाची! तीन आठवड्यांपूर्वीची! बाटल्या मी काळ्या केल्या! आता सांगा मास्तर, पण काय? कुठंय तुमचा 'पण'?"

मला वाटलं होतं टाळ्या पडतील. हशा होईल. मला खांद्यावर घेतील! पण कसलं काय! कोर्बिनियान माझ्याकडे असे बघत होते जसं मी त्यांच्या आईला हसलो. इग्नाझच्या फोटोवाल्या आजींनी फोटो उलटा केला, त्यानं हे बघू नये म्हणून.

आणि वाल्बुर्गा तिथंच उभी, रिकामी बरणी हातात. "म्हणजे आजोबांचं... काहीच नाहीये यात?"

"अगं, उलट! त्यांनी तुझीच ओळखली! तू जिंकलीस!"

ती पुढं आली. तिनं मास्तरांचा मग उचलला, एक घोट घेतला. मग दुसरा.

"ही माझी नाही."

"काय?"

"काका, मी बनवलेली बिअर मला कळत नाही का? ही माझी नाही!"

खुर्ची डुगडुगली. "अगं तुझीच! तू दिलेली! मी माझ्या हातानं भरली!"

"मग आधी खोटं बोललास की आता?" मास्तर उठले. "आणि तिसरं खोटं कधी बोलणार आहेस तेही सांगून टाक!"

"देवाशप्पथ खरं बोलतोय!"

"त्याला मधे आणू नकोस," मागून पाद्री म्हणाला.

मी खाली उतरलो आणि वेन्डेलिनचा मग हिसकावून एक घोट घेतला. आणि मंडळी, काय सांगू! किटली! हातात किटली, चर्चचा कोपरा, ओठांवर फेस! ते शेवटचं 'आणखी काहीतरी' जिभेच्या मागच्या बाजूनं उठून बसलं.  भरली मी वाल्बुर्गाची होती. आणि निघाली इग्नाझची!

वाल्बुर्गा डोळे मिटून मगाचा वास घेत होती. "हा आजोबांच्या कोटाचा वास आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं पाइपचा. पण आजोबा पाइप कधी ओढायचेच नाहीत." तिनं डोळे उघडले. "धूर आहे हा. बाटल्या कुठं होत्या काका?"

"माळ्यावर. परातीच्या कडेला."

"परातीशी धूर कसा येईल? जाळ खाली आहे, धूर धुराड्यातून वर छपराबाहेर जातो."

"बरोबर," मास्तर म्हणाले. अग्निशामक दलाचा जुना प्रमुख त्यांच्यात जागा झाला. "धूर माळ्यावर पसरून परातीतल्या रसात आणि बाटल्यांत मुरायचा असेल तर धुराडं तुंबलेलं लागेल. वर्षानुवर्षं तुंबलेलं. पण ते कसं शक्य आहे? वर्षातून दोनदा धुराडं झाडल्याचा दाखला असायचा. सहीनिशी."

"सही कोणाची?" रोझविटानं विचारलं.

शंभर माणसं माझ्याकडे वळली. ढोलवालासुद्धा.

"अकरा पोती," वाल्बुर्गा सावकाश म्हणाली.

मी आकाशात करकोचा शोधला. नव्हता.

मग सांगून टाकलं. काय करणार! माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी इग्नाझकडे नेलं. धुराडं उंच, चिंचोळं, आत जुन्या विटा. "इथलं काम असं करायचं," उस्ताद म्हणाला आणि टेबलाशी बसला. इग्नाझनं मग ठेवला. संपला की मी आडवा करायचो, इग्नाझ भरायचा. आणि तीन मगांनंतर शिडी चढायची नाही, हा आमच्या धंद्याचा कडक नियम. मी नियमाचा पक्का! आठ वर्षं, सोळा वेळा, एकदाही नियम मोडला नाही. दाखल्यावर सही करायचो आणि घरी जायचो. उस्तादाच्या आधीच्या काळाचं मला माहीत नाही. ती अख्खी भट्टी जळून कशी गेली नाही ते आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियानलाच ठाऊक!

"म्हणजे," कोर्बिनियान नाक पुसत म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं रडतोय ते..."

"माझ्या आळसासाठी," मी म्हणालो. "आणि वाल्बुर्गासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा ते धुराडं झाडलं आणि चव घालवली."

मान खाली घालून उभा राहिलो. मनात एकच. पोरीचं वाटोळं केलं मी, तेही फुकट!

"लाज वाटायला हवी!" मास्तर गरजले. "अख्खं गाव धोक्यात! आणि त्या साध्याभोळ्या इग्नाझला फसवलंस!"

तेवढ्यात वाल्बुर्गानं हातातली वही उघडली. मागच्या खिशात तिनं ते सगळे दाखले जपून ठेवलेले, आजोबांचं अक्षर आहे म्हणून. तिनं एक उलटा केला आणि तिच्या ओठाच्या कडा हलायला लागल्या.

"मला वाटायचं याचा अर्थ धुराडं तपासलं आणि ठीक निघालं," ती म्हणाली. "ऐका. 'ओटमार आला. तीन मग. धुराडं सुखरूप.'" दुसरा उलटा केला. "'ओटमार आला. दोन मगांनंतर शिडीकडे बघायला लागला. तिसरा लगेच भरला. धुराडं सुखरूप.'"

मला आधी काही कळेना. मग कळलं, आणि मी खुर्चीवर बसलो. साधाभोळा इग्नाझ! आठ वर्षं मला वाटत होतं मी त्याला बनवतोय!

अंगणात हशाचा असा लोंढा आला की मुळ्याच्या चकत्या टेबलावरून उडाल्या. मास्तर सगळ्यांत जोरात हसत होते. मांडी थोपटत. "तुलाच बनवलं रे काजळ्या! तुलाच!"

"थांबा, आणखी एक आहे," वाल्बुर्गा म्हणाली. "दाखल्यावर खाली अग्निशामक दलाच्या प्रमुखाचीही सही लागायची ना? 'मास्तर तपासणीला आले. चार मग. धुराडं कुठल्या बाजूला आहे तेही विचारलं नाही.'"

मास्तरांचं हसू मधल्या मधे अडकलं. दलाची गणवेशातली पोरं एकदम खूप लक्ष देऊन आपल्या जुन्या प्रमुखाकडे बघायला लागली. मास्तरांनी घसा साफ केला. टोपी घातली. परत काढली. मग अगदी शांतपणे आपला रिकामा मग टेबलावर आडवा केला.

"रोझविटा, भर. चौथ्या नंबरची." मग सभासदांकडे वळून, "आणि उद्याची बैठक आज झाली असं लिहून घ्या. भट्टी पोरीची. कोणाचं काही म्हणणं?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. वेन्डेलिन म्हणाले, "आणखी एक." त्यांचे मग त्या दिवशी कुणी मोजले नाहीत.

वाल्बुर्गा माझ्याजवळ आली. मला वाटलं आता थप्पड. तिनं रिकामी बरणी माझ्या हातात दिली. "यीस्टचं खोटं बोललात ते मी विसरणार नाही, काका. भट्टीची लाकडं यंदा तुम्ही फोडायची. बीच झाडाची. सातू मी त्यांच्या धुरावर वाळवीन, आणि धुराडं मात्र साफ राहील. आजोबांसारखं छप्पर पणाला लावायची माझी हिंमत नाही."

लाकडं फोडली. सगळी! अजून खांदा दुखतोय. बैलासारखा राबलो तेव्हा कुठं शरदात पहिला घाणा निघाला. तिघांनी घोट घेतला. मी श्वास रोखून उभा. मास्तरांनी छताकडे पाहिलं.

"इग्नाझ," ते म्हणाले. आणि पुढं काही नाही! 'पण' गेला! वेन्डेलिननी आपला मग उचलून अर्धा कोर्बिनियानच्या मगात ओतला आणि उरलेली पिऊ लागले.

मला मात्र एक गोष्ट सलते. तीस वर्षांत हजारो धुराडी मी आरशासारखी केली. त्यातल्या एकासाठीही कुणाचा डोळा ओला झाला नाही. गाव हमसून रडलं ते एकाच कामावर, जे मी केलंच नाही.

गेल्या आठवड्यात भट्टीचं धुराडं झाडायची पाळी होती. मी मुद्दाम दुपारी गेलो, तहान लागल्यासारखा चेहरा करून. टेबलाशी बसलो, वाट बघितली. वाल्बुर्गा आली, समोर काहीतरी ठेवलं आणि हसत हसत शिडी आणून भिंतीला लावली. उतरलो तेव्हा ती बाहेर गेली होती आणि तिची नवी वही टेबलावर उघडी पडलेली. माझा स्वभाव तुम्हाला आता माहीत झालाय. डोकावलो.

आजोबांसारखंच अक्षर. लिहिलं होतं, 'ओटमारकाका आले. पाणी दिलं. बिचारे चढले.'